धनंजयराव गाडगीळ : अनुदानाला नियम आणि कर्जाला दिशा देणारे अर्थतज्ज्ञ

पैठण - येथील जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि उद्‌घाटन २४ फेब्रुवारी १९७६ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी केले. मधल्या दहा वर्षांत देशभरात अशा अनेक अपूर्ण प्रकल्पांचा खर्च राज्यांच्या तिजोरीवर पडत होता. केंद्राने राज्यांना मदत देताना हा खर्चही हिशेबात घ्यावा, असा नियम ज्या सूत्राने घातला, ते सूत्र डॉ. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांच्या नावाने ओळखले जाते. ३ मे हा त्यांचा स्मृतिदिन.

सरकारी पैसा कोणाला आणि किती द्यावा, याचे निकष उघड असावेत; तसेच शेतकऱ्याला केवळ कर्ज देऊन न थांबता ते फिटेल अशी व्यवस्था त्याच्याभोवती उभी करावी, या दोन विचारांभोवती गाडगीळ यांचे सारे आयुष्य फिरले. कर्जबाजारीपणाने पिचलेल्या मराठवाड्याला त्यांच्या कार्याची आठवण आजही व्हावी, ती यासाठीच.

नाशिक ते केंब्रिज

पैठणच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्याच काठी वसलेल्या नाशिक येथे १० एप्रिल १९०१ रोजी गाडगीळ यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण नागपुरात झाले व उच्च शिक्षण केंब्रिज विद्यापीठात. भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावर त्यांनी तेथे लिहिलेला प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि पुढे अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी तो अभ्यासला. मायदेशी परतल्यावर त्यांनी काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात काम केले. त्यानंतर सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. १९३० मध्ये रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक म्हणून गाडगीळ यांची निवड झाली व १९६६ पर्यंत ते त्या पदावर होते.

ग्रंथालयात बसून सिद्धान्त मांडण्यापेक्षा गावोगाव जाऊन हिशेब तपासण्याची शिस्त त्यांनी संस्थेला लावली. वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी, पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी ही त्याची उदाहरणे. गोदावरी व प्रवरा कालव्यांपासून होणाऱ्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची त्यांनी केलेली मोजदाद १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. पाटाचे पाणी केवळ पिकाला मिळत नाही, तर त्यातून बाजारपेठ, रोजगार आणि सरकारी महसूलही वाढतो, हे या पाहणीने आकड्यांनिशी दाखविले.

सावकारीचा हिशेब

शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नव्हता. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, त्यानंतर १८७९ मध्ये कायदाही झाला. पण कर्जाचा फास सैल झाला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस केंद्र सरकारने नेमलेल्या शेती-वित्त उपसमितीचे अध्यक्षपद गाडगीळ यांच्याकडे आले. उपसमितीने १९४५ मध्ये अहवाल दिला. जुन्या कर्जांची सक्तीने तडजोड करावी आणि शेतीला पुरेसा पतपुरवठा करण्यासाठी स्वतंत्र महामंडळे स्थापावीत, असे तिने सुचविले. जुने देणे आटोक्यात आणल्याखेरीज नवे कर्ज शेतकऱ्याच्या कामी येणार नाही, हा त्यामागील विचार होता.

पुढे रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील संचालन समितीत गाडगीळ सदस्य होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावे आणि १,२७,३४३ कुटुंबे तपासण्यात आली. ग्रामीण कर्जापैकी सुमारे ७० टक्के रक्कम सावकारांकडून येत होती. सहकारी संस्थांचा वाटा होता अवघा ३.१ टक्के, तर व्यापारी बँकांचा एक टक्काही नव्हता. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालाने सहकाराचे अपयश कबूल केले, तरीही सहकाराचा मार्ग सोडला नाही. पतपुरवठ्याला विक्री, साठवण, प्रक्रिया आणि प्रशिक्षित कर्मचाऱ्यांची जोड द्यावी, असा एकात्मिक आराखडा अहवालात मांडला होता. याच अहवालानंतर १९५५ मध्ये स्टेट बँक अस्तित्वात आली.

हा आराखडा कागदावर येण्याआधीच गाडगीळ यांनी त्याचा अनुभव घेतला होता. नगर जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९५० च्या अखेरीस कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. उसाचे पैसे, कर्जाची वसुली आणि कारखान्याचा नफा एकाच साखळीत आल्याने शेतकऱ्याची पत वाढली.

सूत्र आणि अग्रणी बँक

१९६६ मध्ये गाडगीळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी राज्यसभेवरही त्यांची नियुक्ती झाली. १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. तोवर केंद्राची मदत योजनानिहाय वाटली जात असे व तिच्यात दिल्लीच्या मर्जीला बराच वाव होता. १९६९ मध्ये राष्ट्रीय विकास परिषदेने मान्य केलेल्या सूत्राने त्याला आळा घातला. विशेष दर्जाच्या राज्यांची गरज आधी भागवून उरलेल्या मदतीपैकी ६० टक्के रक्कम लोकसंख्येनुसार वाटावी, असे ठरले. दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्यांच्या विशेष अडचणी या चार निकषांना प्रत्येकी १० टक्के मिळाले. इतर राज्यांना मदतीपैकी ३० टक्के रक्कम अनुदान व ७० टक्के कर्ज, तर विशेष दर्जाच्या राज्यांना ९० टक्के अनुदान, अशी विभागणी झाली. गरीब राज्यांच्या वाट्याला कमी आले, ही टीका रास्त होती. १९८० मध्ये प्रकल्पांचा निकष वगळून त्याचा हिस्सा दरडोई उत्पन्नाकडे वळविण्यात आला. पण टीका करता आली, ती नियम सर्वांसमोर होता म्हणूनच.

याच काळात राष्ट्रीय पतपरिषदेच्या अभ्यासगटाचे प्रमुख म्हणून त्यांनी आणखी एक काम केले. जून १९६७ अखेर देशातील सुमारे पाच लाख ६४ हजार खेड्यांपैकी केवळ पाच हजार खेड्यांत व्यापारी बँका पोहोचल्या होत्या. जिल्हा हा घटक धरून बँकांनी जबाबदारी वाटून घ्यावी, असे अभ्यासगटाने ऑक्टोबर १९६९ मध्ये सुचविले. त्यातून डिसेंबर १९६९ मध्ये अग्रणी बँक योजना सुरू झाली आणि पुढे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा सल्लागार समित्या आल्या. पैठण तालुका ज्या जिल्ह्यात येतो, त्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याचे अग्रणीपद बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे.

पुढचा टप्पा

नियोजन आयोगातून मुक्त झाल्यावर लगेचच, ३ मे १९७१ रोजी गाडगीळ यांचे निधन झाले. कर्जदाराला स्वतंत्रपणे सल्ला देणारी केंद्रे त्यांच्या हयातीत नव्हती. आर्थिक साक्षरता व पत-समुपदेशन केंद्रांची योजना रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये आणली. केंद्रे उघडण्याची जबाबदारी मात्र त्यांच्या अभ्यासगटातून आलेल्या अग्रणी बँकांवरच आली. २००७-०८ मध्ये नाबार्डकडे स्थापन झालेल्या वित्तीय समावेशन निधीलाही सल्लागार मंडळाच्या मार्गदर्शनाची चौकट देण्यात आली.

नियोजन आयोगाची जागा १ जानेवारी २०१५ रोजी नीती आयोगाने घेतली आणि गाडगीळ सूत्रानुसार होणारे वाटपही त्याच वर्षी थांबले. जिल्ह्याची सल्लागार समिती मात्र टिकून आहे. सल्ला केंद्रासाठी मंजूर झालेला पैसा कोणत्या गावापर्यंत गेला आणि कोणाचे देणे हलके झाले, हा प्रश्न त्या समितीपुढे मांडता येतो. आकडे मागण्याचा हा हक्क गाडगीळ यांच्या पिढीने मिळवून दिला. तो बजावणे आजच्या कर्जदारांच्या व त्यांच्या प्रतिनिधींच्या हाती आहे.