मार्क्सचा देश कोणता?

१८६१ सालच्या मार्च महिन्यात बर्लिनच्या पोलिसप्रमुखाकडे एक अर्ज आला. अर्जदाराचे वय ४२, जन्म ऱ्हाइन प्रांतातल्या ट्रिअरचा, मुक्काम लंडन. मागणे एवढेच, की आपल्याला पुन्हा प्रशियाचा नागरिक मानावे. खाली सही होती कार्ल मार्क्सची.

मार्क्सची दाढी सर्वांना ठाऊक आहे, त्याच्या ग्रंथाचे नावही. पण ज्याचे नाव घेऊन पुढे अर्ध्या जगात राज्ये उलथली, त्या माणसाजवळ आयुष्याची शेवटची ३७ वर्षे कुठल्याच राज्याचा दाखला नव्हता, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

सुरुवात त्याने स्वतःच केली होती. कोलोनमधले त्याचे वृत्तपत्र १८४३ साली सरकारने बंद पाडले. त्याच वर्षी त्याने जेनीशी लग्न केले आणि दोघे पॅरिसला गेले. प्रशियाच्या आग्रहावरून १८४५ मध्ये फ्रान्सने त्याला बाहेर काढले. बिऱ्हाड ब्रुसेल्सला हलले, तर तिथेही प्रशियाचा तगादा सुरूच! तेव्हा डिसेंबर १८४५ मध्ये मार्क्सने प्रशियाचे नागरिकत्वच सोडून दिले. यात राग असेलही, पण हिशेब जास्त होता. आपण त्यांचे प्रजाजनच उरलो नाही, तर ते आपल्याला मागणार कोणत्या हक्काने? वय होते अवघे २७. थोरली मुलगी पॅरिसमध्ये जन्मली होती, दुसरी ब्रुसेल्समध्ये.

हा हिशेब तीन वर्षांतच अंगाशी आला. १८४८ साली युरोपभर क्रांतीचे वारे सुटले, मार्क्स कोलोनला परतला आणि त्याने नवे वृत्तपत्र काढले. नागरिकत्व परत मिळावे म्हणून अर्जही केला. शहराच्या कारभाऱ्यांची हरकत नव्हती, पण वरच्या सरकारने नकार दिला. मे १८४९ मध्ये परकीय म्हणून त्याला हद्दपार करण्यात आले. ट्रिअर आणि कोलोन ही एकाच प्रांतातली गावे. साताऱ्याच्या माणसाला पुण्यात परदेशी ठरवावे, तसाच हा प्रकार. वृत्तपत्राचा शेवटचा अंक त्याने लाल शाईत छापला आणि त्या उन्हाळ्यात लंडन गाठले.

लंडनमधली पहिली वर्षे वाचताना आजही घशाशी आवंढा येतो. डीन स्ट्रीटवरच्या दोन खोल्यांत सगळा संसार. त्या पाच-सहा वर्षांत घरातली तीन मुले गेली. वर्षाची फ्रान्झिस्का १८५२ मध्ये वारली तेव्हा शवपेटीला पैसे नव्हते. जेनीने शेजारच्या एका फ्रेंच निर्वासिताकडून दोन पौंड उसने आणले. ही जेनी मोठ्या सरदारघराण्यातली. त्या काळात तिचा सावत्र भाऊ फर्डिनांड प्रशियाचा गृहमंत्री होता! नवरा ज्या सरकारचा हद्दपार, भाऊ त्याच सरकारचा मंत्री. तिच्या मनाची काय अवस्था होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

१८६१ च्या जानेवारीत प्रशियाच्या गादीवर नवा राजा आला आणि त्याने राजकीय आरोपींना माफी जाहीर केली. मार्क्सला आशा वाटली. अमेरिकेतल्या वृत्तपत्राकडून मिळणारे पैसे आटत चालले होते, आणि बर्लिनमधला मित्र लासाल नवे वृत्तपत्र काढण्याच्या गोष्टी करीत होता. मार्क्स त्याच्याकडे जाऊन राहिला आणि तिथूनच अर्ज केला. जेनीला मात्र परतण्याची ओढ नव्हती. मुली शेक्सपिअर वाचत लंडनमध्ये वाढल्या होत्या, जर्मनी त्यांच्या लेखी आईबापांचे गाव होते. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्याकडच्या कितीतरी घरांत आज हेच चित्र दिसते.

अर्जावरचे उत्तर मोठे नमुनेदार होते. एक तर १८४५ साली त्याने नागरिकत्व आपखुशीने सोडले. आणि १८४८ च्या क्रांतीने ते परत मिळाले असे धरले, तरी ते पुन्हा गेलेच. कारण प्रशियाच्या १८४२ च्या कायद्यानुसार, परवानगीवाचून दहा वर्षे परदेशात राहिलेला माणूस नागरिक उरत नसे. मार्क्स १८४९ पासून बाहेर होता.

यावर मार्क्सने बिनतोड मुद्दा मांडला. आपण हौसेने बाहेर राहिलो नाही. १८४९ साली देश सोडावा लागलेल्या सगळ्यांचीच दहा वर्षे भरली आहेत. त्या वर्षांवर बोट ठेवायचे असेल, तर राजाच्या माफीला अर्थ काय? उपयोग झाला नाही. नोव्हेंबरात गृहमंत्र्याचाही नकार आला. आधी घराबाहेर काढायचे आणि मग इतकी वर्षे घरी का आला नाहीत म्हणून नाव कापायचे, असा हा न्याय.

‘कॅपिटल’चा पहिला खंड १८६७ मध्ये निघाला. यकृताचा विकार जुनाच होता. १८७४ मध्ये डॉक्टरांनी ऑस्ट्रियाच्या राज्यातल्या कार्ल्सबादच्या झऱ्यांचे पाणी घ्यायला सांगितले. पण तिथे अटक झाली तर सोडवणार कोण? म्हणून मार्क्सने आता ब्रिटिश नागरिकत्वासाठी अर्ज केला. कायद्याला पाच वर्षांचा रहिवास पुरत होता, याची पंचवीस झाली होती. चार प्रतिष्ठित गृहस्थांनी त्याची ग्वाही दिली. तरीही नकार आला, कारण न सांगता. आतला पोलिसी शेरा पुढे उजेडात आला : हा मनुष्य स्वतःच्या राजाशी आणि देशाशी एकनिष्ठ राहिलेला नाही! ज्या राजाने याला आपला म्हणायला नकार दिला होता, त्याच राजाविषयीची ही निष्ठा.

मार्क्स तरीही धाकट्या एलिनॉरला घेऊन कार्ल्सबादला गेला. तिथल्या नोंदवहीत त्याने आपण स्वतःच्या पैशावर जगणारे गृहस्थ असल्याचे लिहिले. त्यापायी कर जास्त भरावा लागला, पण कुणी हटकले नाही.

१८८१ च्या डिसेंबरात जेनी गेली. १८८३ च्या जानेवारीत थोरली मुलगी गेली, आणि १४ मार्चला मार्क्स आरामखुर्चीत बसल्या बसल्या गेला. हायगेटच्या दफनभूमीत जेमतेम डझनभर माणसे जमली होती. दहा वर्षांचा तो नियम पुढे साऱ्या जर्मनीचा झाला होता. तो रद्द झाला १९१४ च्या पहिल्या दिवशी.