बाबासाहेब आंबेडकर यांची वकिली कारकीर्द

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१ – ६ डिसेंबर १९५६) हे भारतीय कायदेपंडित, अर्थशास्त्रज्ञ व समाजसुधारक होते. भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेचे प्रवर्तक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. त्याआधी अनेक वर्षे त्यांनी मुंबईत वकिली केली. आरोग्यविषयक सल्ला देणे हा गुन्हा ठरू शकतो काय, हा प्रश्न उपस्थित करणारा १९३४ मधील ‘समाजस्वास्थ्य’ खटला या कारकिर्दीतील महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

== सनद व प्रारंभीची वकिली ==
लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आंबेडकर १९२३ मध्ये भारतात परतले व त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. अस्पृश्यतेमुळे सॉलिसिटर त्यांच्याकडे कामे सोपवीत नसत. त्यामुळे अध्यापन करून त्यांना उत्पन्नाला जोड द्यावी लागली. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेवरील बदनामीच्या खटल्यात त्यांनी दिनकरराव जवळकर व केशवराव जेधे यांची बाजू मांडली. खालच्या न्यायालयाने दिलेली शिक्षा अपिलात रद्द झाली आणि वकील म्हणून त्यांचे नाव झाले. १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

== ‘समाजस्वास्थ्य’ खटला ==
रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक होते. ते वैद्यकीय पदवीधर नव्हते. तरीही १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कार्यापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवीत. १९३१ मध्ये अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना १०० रुपये दंड झाला होता. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर पुन्हा खटला भरण्यात आला. या वेळी आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले.

मासिकाचा विषयच लैंगिक आरोग्य असताना वाचकाच्या शंकेला उत्तर देणे हे संपादकाचे कर्तव्य ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. विकृती वाटणाऱ्या गोष्टींवरील उपाय ज्ञान हाच आहे, असेही त्यांनी मांडले. समलैंगिकतेविषयी बोलताना त्यांनी इंग्रज संशोधक हॅवलॉक एलिस यांच्या लेखनाचा आधार घेतला. न्यायालयाने हा बचाव मान्य केला नाही व कर्वे यांना २०० रुपये दंड ठोठावला.

त्या काळी भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ मध्ये धार्मिक ग्रंथ व मंदिरांतील शिल्पे यांना सूट होती. शास्त्रीय लेखनाला नव्हती. शिवाय, १८६८ च्या इंग्लंडमधील हिकलिन निकालानुसार, मजकुराचा वाईट परिणाम ज्यांच्यावर सहज होऊ शकेल अशा वाचकांचा विचार करून अश्लीलता ठरवली जाई. त्यामुळे उत्तर शास्त्रदृष्ट्या बरोबर असले, तरी तेवढ्याने आरोपीची सुटका होत नसे.

== नंतरचा काळ ==
१९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाने संततिनियमनाचा प्रश्न मुंबई विधानसभेत ठरावाद्वारे मांडला; तो फेटाळला गेला. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ १९५३ मध्ये झालेल्या आपल्या निधनापर्यंत चालू ठेवले. शास्त्र, साहित्य, कला व विद्या यांच्या दृष्टीने लोकहिताच्या प्रकाशनांना कलम २९२ मधून वगळणारी दुरुस्ती १९६९ मध्ये झाली. तोपर्यंत आंबेडकरांच्या निधनास १३ वर्षे होत आली होती.