रोजगार हमीचे पागेसाहेब

वि. स. पागे हे नाव आपल्या वर्गात फार जणांनी ऐकले नसेल. पण रोजगार हमी म्हटले की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना लगेच खडी, टोपले आणि मस्टर आठवते. ही योजना पागेसाहेबांच्या डोक्यातून निघाली.

विठ्ठल सखाराम पागे यांचा जन्म २१ जुलै १९१० रोजी आजच्या सांगली जिल्ह्यात झाला. ते वकील झाले. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगातही गेले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि ते विधान परिषदेचे सभापती झाले. १९७८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १८ वर्षे, ते त्याच खुर्चीवर होते. इतकी वर्षे तिथे दुसरे कोणीच बसलेले नाही. विधान परिषद म्हणजे आपल्या विधिमंडळाचे वरचे सभागृह. सभापतीचे काम मॉनिटरपेक्षा लई अवघड. सगळ्यांना बोलू द्यायचे, गोंधळ आवरायचा, आणि आपण मात्र कोणाची बाजू घ्यायची नाही.

पण बाजू न घेणाऱ्या या माणसाने मजुरांसाठी एक विचार मांडला. कोरडवाहू गावात सुगी सरली की हाताला काम नसते. तिकडे रानात बांध नाहीत, पाणी वाहून जाते. मग रिकाम्या हातांना हेच काम का देऊ नये? १९६५ साली मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. पागेसाहेबांनी हा विचार त्यांच्यापुढे ठेवला आणि तासगाव तालुक्यात तो करून पाहिला गेला.

मग १९७२ चा दुष्काळ आला. तेव्हा आपली तीर्थपुरी औरंगाबाद जिल्ह्यात, अंबड तालुक्यात होती. जालना जिल्हा १९८१ साली झाला. पाणी नाही, चारा नाही. लोकांनी अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली. कामावर सुकडी मिळे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात ५० लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामावर होती. बाया तान्ही लेकरे झाडाखाली झोळीत टाकून खडी फोडत. घरी आजी-पणजी असेल तर जरूर विचारा.

दुष्काळी काम सरकारने काढले तर निघायचे, पाऊस पडला की बंद. रोजगार हमीचे तसे नव्हते. १९७७ साली दोन्ही सभागृहांनी एकमताने कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मजुराने कामाचा अर्ज दिला की १५ दिवसांत काम द्यायचे. नाही दिले तर बेकारभत्ता द्यायचा. म्हणजे मजुराने कोणाच्या पाया पडायची गरज उरली नाही. मला ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. बाई असो की बाप्या, मापाप्रमाणे सारखीच मजुरी. पैसा कुठून आला? शहरातल्या पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाई आणि सरकार तेवढीच भर घाली. मुंबईच्या साहेबाच्या पगारातून खेड्यातला बांध!

या योजनेतून पाझर तलाव, नालाबांध, विहिरी, रस्ते झाले. सगळे चांगलेच झाले असे नाही. कुठे मस्टरवर खोटी नावे लागली, कुठे मजुरी उशिरा मिळाली. आपल्या भागातली माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची काही थांबली नाहीत. त्यांच्याबरोबर पोरंही जातात आणि वर्गातल्या जागा रिकाम्या राहतात. पण गावात काम मागायचा हक्क कायद्याने दिला तो पहिल्यांदा आपल्याच राज्याने.

पागेसाहेब १९९० साली वारले. २००५ मध्ये दिल्लीच्या संसदेने साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला. त्यात एका कुटुंबाला वर्षात १०० दिवसांची हमी होती. पागेसाहेबांच्या योजनेत दिवस मोजलेले नव्हते.