विश्लेषण : बिल इव्हान्स कॉर्डमधला ‘सा’ का गाळत?

जॅझमध्ये साध्या तीन स्वरांच्या कॉर्डवर सातवा, नववा, तेरावा असे स्वर चढतात. बोटे मात्र पाचच! अमेरिकी पियानोवादक बिल इव्हान्स (१९२९-१९८०) डाव्या हातातून चक्क मूळ स्वरच काढत. सी मेजर नाइन्थमध्ये सी नाही. ई, जी, बी, डी एवढेच. ही युक्ती त्यांच्या एकट्याची नव्हे, पण रुळली ती त्यांच्यामुळे. मूळ स्वर बेसवादकावर सोपवायचा. स्कॉट लाफारो तो सांभाळून स्वतःच्या सुरावटीही गुंफत. २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये दोघांचे, ड्रमवादक पॉल मोशनसह, ध्वनिमुद्रण झाले. अकरा दिवसांनी २५ वर्षांचे लाफारो मोटार अपघातात गेले. इव्हान्स यांनी कित्येक महिने जाहीर वादनच थांबवले.