पुराचें गणित मांडणारा पुरुष : सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या

शिरड शहापूरच्या परिसरांत राहणाऱ्यांस ओढा म्हणजे काय, हें सांगणें नलगे. वैशाखांत ज्याच्या पात्रांतून धूळ उडते, त्याच ओढ्यास भाद्रपदांतील एका रात्रीच्या पावसानें असा लोंढा येतो कीं, बांध फुटतात, उभीं पिकें आडवीं होतात आणि गुरें अलीकडे तर गुराखी पलीकडे अशी गति होते. अशा वेळीं हें दैवाचें कृत्य होय असें म्हणून आपण स्वस्थ बसतों. परंतु पाऊस जरी आपल्या हातचा नसला, तरी पडलेल्या पावसापैकीं किती पाणी, किती वेळांत व कोणत्या वाटेनें येईल, याचा अंदाज मनुष्यास करतां येतो. हा अंदाज करण्याच्या कामीं ज्यांनीं आपली बुद्धि वेंचली, त्या सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. आमचा हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत मोडत असे, आणि या चरित्रांतील मुख्य प्रसंग त्याच राज्याच्या राजधानींत घडला.

विश्वेश्वरय्या यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६० रोजीं म्हैसूर संस्थानांतील मुद्देनहळ्ळी या खेड्यांत झाला. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे पंडित होते. घरीं विद्या होती, परंतु संपत्ति नव्हती. मुलगा लहान असतांनाच पितृछत्र हरपलें. बंगळुरास कॉलेजांत असतां शिकवण्या करून त्यांनीं आपला खर्च भागविला व १८८१ सालीं ते बी. ए. झाले. पुढें म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ति मिळून ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें आले, आणि १८८३ सालीं स्थापत्याच्या परीक्षेंत पहिले आले. अशा रीतीनें या कानडी तरुणाची विद्या महाराष्ट्राच्या भूमींत फळास आली.

१८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत त्यांची असिस्टंट इंजिनियर म्हणून नेमणूक झाली. प्रथम नाशिक व पुढें खानदेश येथें त्यांनीं काम केलें. धुळें जिल्ह्यांत पांझरा नदीच्या पात्राखालून नळ नेऊन पलीकडे पाणी पोंचविण्याचें काम त्यांजकडे आलें, तेव्हां ऐन पावसाळ्यांतील नदी म्हणजे काय, याचा पहिला धडा त्यांस मिळाला. कांहीं वर्षांनीं पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या धरणावर त्यांनीं स्वतः योजिलेले स्वयंचलित दरवाजे बसविले. धरणांत पाणी ठरलेल्या उंचीवर चढलें कीं, हे दरवाजे माणसाच्या हाताशिवाय उघडत व पूर ओसरला म्हणजे आपोआप मिटत. पाणी सांठवावें, पण पुरास वाट अडवूं नये, हें त्यांच्या विचाराचें सूत्र येथेंच दिसून येतें.

१९०८ सालीं त्यांनीं स्वेच्छेनें सरकारी चाकरी सोडली व ते परदेशच्या प्रवासास गेले. त्याच वर्षीं २८ सप्टेंबर रोजीं हैदराबादवर घोर संकट कोसळलें. मुसी नदी पात्र सोडून शहरांत शिरली. पूल बुडाले, पेठाच्या पेठा वाहून गेल्या, आणि मृतांची संख्या पंधरा हजारांच्या घरांत गेली असें सांगतात. अफझलगंज भागांतील एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेंच्या सुमारास माणसें वांचलीं, ही हकीकत तर त्या शहरांतील मुलांसही ठाऊक असते. निजामाच्या सरकारनें विश्वेश्वरय्यांस पाचारण केलें. १९०९ च्या एप्रिलांत ते हैदराबादेस दाखल झाले.

त्यांनीं आरंभ धरणापासून केला नाहीं, आरंभ केला तो मोजणीपासून. शहराच्या वर मुसीचें पाणलोट क्षेत्र ८६२ चौरस मैल भरलें. त्यांत लहानमोठे ७८८ तलाव होते, म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलास एक. त्यांपैकीं २२१ तलाव त्या वादळांत फुटले होते. शमसाबाद येथें २४ तासांत १२.८ इंच व ४८ तासांत १८.९ इंच पाऊस झाल्याची नोंद मिळाली. शहर बुडविणारा पूर नदींत अकस्मात् जन्मला नव्हता. तो शेंकडों ओढ्यांत व तळ्यांत थेंबाथेंबानें जमला होता. वरचें तळें फुटलें कीं त्याचा भार खालच्या तळ्यावर पडे व तेंही फुटे.

आमच्या विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. ८६२ चौरस मैलांवर सर्वत्र एक इंच पाऊस पडला, तर सुमारें २०० कोटी घनफूट पाणी होतें. तें सगळेंच नदीस मिळत नाहीं. कांहीं जमिनींत मुरतें, कांहीं खळग्यांत राहतें. परंतु जमीन पावसानें आधींच तृप्त झाली असेल, उतार तीव्र असेल किंवा भूमि खडकाळ असेल, तर वाहून येणारा अंश वाढतो. दुसरी गोष्ट वेळेची. एक एकर जमिनीवर ताशीं एक इंच या मानानें पाऊस पडून तो सर्व वाहिला, तर दर सेकंदास जवळजवळ एक घनफूट पाणी येतें. मुसीच्या पुराचा कळस दर सेकंदास सुमारें ४ लक्ष २५ हजार घनफूट इतका ठरविण्यांत आला. क्षेत्र साडेपांच लक्ष एकरांचें. म्हणजे त्या घटकेस साऱ्या प्रदेशावरून ताशीं पाऊण इंचाहून अधिक पाणी एकाच पात्रांत उतरत होतें. त्या पात्रांत तें मावणें अशक्य होतें.

म्हणून केवळ कांठ उंच करून भागणार नव्हतें. पुराचा कळसच वरच्या अंगास अडवून, मागाहून हळूहळू सोडला पाहिजे, असें त्यांनीं ठरविलें. त्यांच्या योजनेप्रमाणें शहराच्या वर मुसीवर उस्मानसागर १९२० सालीं, व तिला मिळणाऱ्या इसी नदीवर हिमायतसागर १९२७ सालीं पुरा झाला. स्वतः विश्वेश्वरय्या १९०९ सालींच म्हैसूरला मुख्य इंजिनियर म्हणून गेले, १९१२ पासून १९१८ पर्यंत तेथील दिवाण होते, व कावेरीवरील कृष्णराजसागराच्या उभारणींत त्यांचा मोठा वांटा होता. १९५५ सालीं त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली, आणि १९६२ च्या एप्रिलांत वयाची शंभरी ओलांडून त्यांनीं देह ठेविला.

परंतु गणित एकदां मांडून कायमचें संपत नाहीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें अपुरें धरण फुटलें, त्या लोंढ्यापुढें जुनें खडकवासलेंही टिकलें नाहीं, आणि पुणें जलमय झालें. १९०८ च्या पुरानें हैदराबादेस शिकविलें तेंच येथें पुन्हां दिसलें : वरचें फुटलें तर खालच्यावर दुहेरी भार येतो. पुढें २०२० च्या ऑक्टोबरांत हैदराबादेस अतिवृष्टि झाली, तेव्हां वर दोन सागर असतांही शहरांतील सखल वस्त्या बुडाल्या. कारण धरणाच्या खालीं पडलेला पाऊस धरणास अडवितां येत नाहीं, आणि पाण्याच्या वाटेवर घरें उभीं राहिलीं कीं पाणी घरांतून वाट काढतें. यास्तव आपल्या राज्यांत नद्यांच्या कांठीं पूररेषा आंखतात : पंचवीस वर्षांतून एकदां संभवणाऱ्या पुराची निळी, व शंभर वर्षांतून एकदां संभवणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आंतील भूमि नदीची आहे, असेंच समजावें.

अशी रेषा प्रत्येक ओढ्याच्या कांठीं आंखलेली नसते. पण ओढ्यास स्मरण असतें. मागचा मोठा पूर कोणत्या पायरीपर्यंत, कोणत्या झाडाच्या बुंध्यापर्यंत चढला, हें गांवांतील वडील मंडळी अचूक सांगतात. विद्यार्थ्यांनीं त्या खुणा विचाराव्या, नोंदवाव्या, ओढ्यास पाणी देणारें शिवार नकाशावर आंखावें आणि वर दिलेलें गणित त्यास लावून पाहावें. पालकांनीं नवें घर, गोठा किंवा खळें घालण्यापूर्वीं त्या नोंदीकडे एकवार दृष्टि टाकावी. विश्वेश्वरय्यांनीं राजधानीसाठीं जें केलें, तें लहान प्रमाणावर प्रत्येक गांवास करतां येण्याजोगें आहे. आणि त्यास लागणारी सामग्री म्हणजे एक दोरी, एक वही व खरें लिहिण्याची संवय, एवढीच होय.