एल्व्हिस प्रेस्ली : एका आयुष्याचा फेरहिशोब

लोकप्रिय कलावंताच्या मृत्यूनंतर त्याच्या वाट्याला बहुधा दोन प्रकारची चरित्रे येतात : एक भाटाने लिहिलेले आणि दुसरे फौजदाराने. पहिल्यात माणूस दिसत नाही, दुसऱ्यात कलावंत दिसत नाही. अमेरिकन रॉक संगीताचा अग्रणी गायक एल्व्हिस प्रेस्ली १९७७ साली मरण पावला, तेव्हा ही दोन्ही चरित्रे त्याला तत्परतेने मिळाली. तिसऱ्या प्रकारच्या चरित्रासाठी मात्र त्याला १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली. पीटर गुराल्निक यांनी लिहिलेल्या चरित्राचा पहिला खंड त्या वर्षी प्रसिद्ध झाला आणि समीक्षकांनी त्याचा गंभीर वाङ्मय म्हणून गौरव केला. एल्व्हिसच्या चाहत्यांना तो आपलाच विजय वाटला. पुस्तकाच्या परीक्षणांनी सामान्य श्रोत्यांना इतका आनंद का व्हावा, याचे उत्तर त्या आयुष्यातच शोधावे लागते.

मिसिसिपी राज्यातील टुपेलो या गावी ८ जानेवारी १९३५ रोजी एल्व्हिसचा जन्म झाला. जुळा भाऊ मृतावस्थेतच जन्मला होता. बापाने १८० डॉलर कर्ज काढून बांधलेले दोन खोल्यांचे लाकडी घर हीच काय ती कुटुंबाची मत्ता. १९३८ साली धनादेशात फेरफार केल्याच्या आरोपावरून बाप तुरुंगात गेला आणि ते घरही हातचे गेले. १९४८ साली हे कुटुंब मेम्फिसला आले व पुढे सरकारी वसाहतीत राहू लागले. त्या शहरात गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या होत्या. रेडिओच्या लहरींना मात्र असे कुंपण घालता येत नव्हते. प्रार्थनामंदिरातील भजने, गोऱ्या खेडुतांची गाणी आणि कृष्णवर्णीयांचे ब्लूज संगीत या तिन्हींचे संस्कार त्या मुलाच्या कानांवर एकाच वेळी होत गेले.

शालेय शिक्षण १९५३ साली संपल्यावर त्याने एका विद्युत कंपनीचा मालट्रक चालवला. त्याच वर्षी सुमारे ४ डॉलर भरून त्याने सॅम फिलिप्स यांच्या ध्वनिमुद्रणगृहात आपला आवाज मुद्रित करून घेतला. ५ जुलै १९५४ रोजी तेथेच त्याने आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचे एक गीत नव्या ढंगाने गायिले आणि त्याच्या कीर्तीचा आरंभ झाला. क्रुडप १९७४ मध्ये निधन पावला. स्वामित्वधनाची रास्त रक्कम त्याला अखेरपर्यंत मिळाली नाही. एल्व्हिसच्या यशाच्या खतावणीत हे ऋण पहिल्याच पानावर नोंदले पाहिजे.

नोव्हेंबर १९५५ मध्ये फिलिप्स यांनी त्याचा करार आर.सी.ए. या बड्या कंपनीला ३५ हजार डॉलरना विकला. पुढच्याच वर्षी तो दूरचित्रवाणीवरून कोट्यवधी अमेरिकनांच्या घरात पोहोचला आणि १९५७ मध्ये त्याने मेम्फिस येथे ग्रेसलँड हे प्रशस्त घर घेऊन आईवडिलांना तेथे नेले. याच सुमारास टॉम पार्कर हा व्यवस्थापक त्याच्या आयुष्यात स्थिरावला. तो मूळचा हॉलंडचा, आणि आपले मूळ लपवून अमेरिकेत राहिलेला. १९५७ मधील कॅनडाचा दौरा वगळता एल्व्हिसने परदेशात जाहीर कार्यक्रम कधीच केले नाहीत. पार्करजवळ पारपत्र नव्हते, हे त्याचे एक कारण मानले जाते.

१९५८ साली एल्व्हिस सक्तीच्या सैनिकी सेवेत गेला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याची आई वारली. त्या आघातातून तो पुरता सावरला नाही. १९६० मध्ये परतल्यावर त्याची उमेदीची वर्षे एका साच्याच्या चित्रपटांत खर्ची पडली. १९६८ च्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने त्याच्यातील गायक पुन्हा जागा झाला; परंतु पुढे लास व्हेगासमधील सहाशेंहून अधिक प्रयोगांच्या रगाड्यात तोही थकला.

आर्थिक व्यवहाराची कथा याहून विदारक आहे. पार्करचा हिस्सा १९६७ पासून काही व्यवहारांत निम्म्यावर गेला. १९७३ मध्ये एल्व्हिसच्या तोवरच्या ध्वनिमुद्रिकांवरील स्वामित्वधनाचे हक्क आर.सी.ए.ला ५४ लाख डॉलरना देण्यात आले आणि त्यातलेही निम्मे पार्करने घेतले. दरवर्षी फळ देणारी बाग ठोक रकमेला कायमची विकावी आणि निम्मी रक्कम अडत्याने न्यावी, असाच हा व्यवहार होता. औषधांच्या आहारी गेलेला एल्व्हिस १६ ऑगस्ट १९७७ रोजी ग्रेसलँडमध्ये मरण पावला. तेव्हा तो अवघा ४२ वर्षांचा होता. पुढे न्यायालयाने त्याच्या अल्पवयीन मुलीच्या हितरक्षणार्थ नेमलेल्या वकिलाने पार्करच्या व्यवहारांवर कडक ठपका ठेवला आणि १९८३ मध्ये तडजोड होऊन पार्करचा संबंध संपुष्टात आला.

पैशाचा हिशोब असा उशिरा का होईना, न्यायालयात झाला. प्रतिष्ठेच्या हिशोबाला मात्र न्यायालय नसते. १९८१ साली अल्बर्ट गोल्डमन यांनी लिहिलेल्या चरित्राने एल्व्हिसच्या शरीराची, खाण्याची, आईवडिलांची आणि गावंढळ राहणीची यथेच्छ टवाळी केली. ही टवाळी केवळ एका गायकाची नव्हती. ती दक्षिणेतील दरिद्री गोऱ्या समाजाची होती. ग्रील मार्कस यांच्यासारख्या समीक्षकाने तेव्हाच हा धोका दाखवून दिला होता. ज्या चाहत्यांनी एल्व्हिसमध्ये आपल्याच घरातला मुलगा पाहिला, त्यांना त्या पुस्तकात स्वतःचाच अवमान दिसला, यात नवल नाही.

गुराल्निक यांनी भाटगिरी केली नाही. आधी ब्लूज गायकांवर लिहिलेल्या या लेखकाने असंख्य संबंधितांच्या भेटी घेतल्या, कागदपत्रे तपासली आणि प्रत्येक प्रसंग त्या काळी त्या माणसांना जसा दिसला तसा मांडला. १९९९ च्या दुसऱ्या खंडात अधःपाताची कहाणीही त्यांनी झाकली नाही. वस्तुतः म्हणूनच या गौरवाला मोल आहे. दोष लपवून मिळवलेली प्रतिष्ठा पहिल्याच आघाताला ढासळते. दोषांसह सांगितलेल्या आयुष्यातूनही कर्तृत्व उरले, तर ते टिकते.

लोकप्रिय कलेची मीमांसा करणाऱ्यांनी यातून एक बोध घ्यावयास हवा. श्रोत्यांची निष्ठा हा कलेच्या थोरवीचा पुरावा नव्हे, हे खरे. परंतु ती अज्ञानाचाही पुरावा नव्हे. वर्षानुवर्षे १५ ऑगस्टच्या रात्री ग्रेसलँडच्या फाटकाशी मेणबत्त्या घेऊन जमणाऱ्या माणसांनी जे कानांनी जाणले होते, ते विद्वानांना पटण्यास सतरा वर्षे लागली. हा विलंब एल्व्हिसच्या खात्यावर मांडता येणार नाही.