गाडगेबाबांचा खराटा आणि आपली तापीमाई

या महिन्याच्या भित्तीपत्रकासाठी गुरुजींनी विषय दिला, समुद्र स्वच्छ ठेवू या. आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. आपल्या खान्देशात समुद्र कुठे आहे? वर्गात दोघांनीच समुद्र पाहिलाय, तोही मुंबईला लग्नाला गेले तेव्हा. मी तर पाहिलेलाच नाही. मग मी ठरवलं की थोर संत गाडगेबाबा यांच्याविषयी लिहायचं. त्यांचा आणि समुद्राचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. तो पुढे येतो.

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात परीट कुटुंबात झाला. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. आईचे नाव सखुबाई. वडील लहानपणीच वारले. मग डेबूजी दापुरे गावी मामाकडे वाढले. त्यांनी गुरे चारली, शेतात राबले, पण शाळेत गेले नाहीत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मला याचे फार आश्चर्य वाटले, कारण पुढे त्यांनीच गरिबांच्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहे काढली. त्यांचे लग्न झाले, मुलेबाळे झाली. १ फेब्रुवारी १९०५ रोजी ते घर सोडून लोकांची सेवा करायला निघाले.

त्यांचा वेष बघून लोक हसत. अंगात चिंध्यांचा सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा. डोक्यावर मडक्याचे खापर. त्यातच भाकरी मागून खायची आणि त्यातच पाणी प्यायचे. या गाडग्यामुळेच त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. ते गावात आले की कोणाशी न बोलता रस्ता झाडायला लागायचे. गटारी साफ करायचे. रात्री कीर्तन करायचे. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री माणसांची डोकी झाडायची, असं आमचे गुरुजी म्हणतात. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारायचे. दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बोकड कापू नका, शिवाशीव पाळू नका, मुलांना शिकवा, हे सगळं ते हसवत हसवत सांगायचे. कोणी पाया पडायला आला तर काठी उगारायचे! ते पंढरपूरला नेहमी जायचे, पण देवळातल्या दर्शनापेक्षा वाळवंट झाडण्यात त्यांचा वेळ जायचा. १९१७ साली त्यांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा बांधली.

आता नदीचे सांगतो. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. तिथे पौष महिन्यात रविवारी यात्रा भरते. बाबांनी तिथे यात्रेकरूंची सेवा केली आणि १९०८ साली लोकांच्या मदतीने नदीला घाट बांधला.

ही पूर्णा पुढे कुठे जाते ते मी नकाशात बोटाने शोधले. ती वाहत वाहत आपल्या जळगाव जिल्ह्यात येते आणि चांगदेवला तापीला मिळते. म्हणजे बाबांच्या घाटावरचे पाणी आपल्याकडेच येते! तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते. ती आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतून गुजरातेत जाते आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. तिची लांबी ७२४ किलोमीटर आहे. गिरणा आणि पांझरासुद्धा तापीलाच मिळतात. आपल्या गावचा नालाही तापीत जातो. म्हणजे आपला नाला समुद्रात जातो. वाटेत हतनूर आणि उकाई ही धरणे आहेत, त्यात काही कचरा अडकत असेल. पण पुरात दरवाजे उघडले की तो पुढे निघतो.

मला एक गोष्ट लिहायची आहे. ती लिहू की नको असं झालं होतं. मागच्या श्रावणात आमच्याकडे कानबाई बसली होती. सोमवारी विसर्जनाला आम्ही वाजतगाजत नदीवर गेलो. आईने निर्माल्याची पिशवी माझ्याकडे दिली होती. आम्ही पोरांनी सगळ्या पिशव्या एकदम पाण्यात सोडल्या आणि कोणाची पुढे जाते याची शर्यत लावली. माझी पिशवी पहिली आली. मी खूप उड्या मारल्या. आता ती उडी आठवली की कसंतरी वाटतं.

गुरुजींनी सांगितलं की समुद्रात कासवे जेलीफिश नावाचा जीव खातात. तो पाण्यात पारदर्शक पिशवीसारखा तरंगतो. म्हणून कासव खरी पिशवीही खाऊन टाकते आणि कधीकधी मरते. कोकणात रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावच्या किनाऱ्यावर कासवे अंडी घालायला येतात आणि तिथले लोक ती अंडी जपतात. बाबांच्या काळचा कचरा शेण, पालापाचोळा, खरकटे असा होता. तो कुजून जायचा. प्लास्टिक कुजत नाही, त्याचे फक्त बारीक बारीक तुकडे होतात. बाबांना आमच्यापेक्षा सोपं होतं असं मला वाटतं. पण ते एकटेच झाडायचे आणि आम्ही वर्गात सव्वीस जण आहोत.

बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी वारले. अमरावतीला जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी मोटारीतच त्यांनी प्राण सोडला. पेढी पूर्णेला मिळते. २००० साली महाराष्ट्र सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले.

आमच्या शेतात केळी आहे. घड चांगला राहावा म्हणून त्याला पिशवी घालतात. केळी कापली की पिशव्या बांधावर पडतात, मग वाऱ्याने नाल्यात जातात. आमच्या अण्णांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले की सगळेच टाकतात. मी गप्प बसलो. पण ताईने आणि मी दिवाळीच्या सुट्टीत पिशव्या, खताच्या गोण्या आणि ठिबकच्या तुटक्या नळ्या वेचल्या. सात पोती भरली. आजीने तुराट्यांचा खराटा बांधून दिला, त्याने नाल्याचा काठ झाडला. जाळायचं नाही, कारण धूर विषारी असतो. ती पोती ओसरीवर उभी आहेत. अण्णा रोज त्यांना वळसा घालून जातात. काही बोलत नाहीत, पण परवा त्यांनी स्वतःहून आठवे पोते आणून ठेवले. शनिवारी पालकसभेला ते येतील तेव्हा हे वाचतील. मी त्या वेळी बाहेर हापशावर जाऊन उभा राहीन.

भंगारवाला म्हणतो की पिशव्या धुतलेल्या आणि कोरड्या असतील तरच घेईन. त्यांना केळीचा चीक आणि चिखल लागलेला आहे. म्हणून रविवारी ताई आणि मी त्या धुणार आहोत. धुणे म्हणजे परिटाचे काम, गाडगेबाबांच्या घरचेच. पण आम्ही नदीवर नाही धुणार, शेतातल्या हौदावर धुणार आणि ते पाणी केळीला सोडणार.